४ टीबी बाह्य डिस्क: ६५५३५ चा इशारा, विंडोजला न दिसणारा भाग आणि ईएक्सटी४ वर लिहिता न येणं

सह्यशेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यूएसबी ३ वर चालणारी अडीच इंची ४ टीबी डिस्क आहे, मशीनवर उबुंटू २४.०४. डिस्कचे दोन भाग करायचे आहेत. पहिला साधारण १००० जीआयबीचा, जो विंडोज लॅपटॉपलाही वाचता-लिहिता यावा. उरलेल्या भागात आरसिंकने (फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारी कमांड) लिनक्सचा बॅकअप ठेवायचा आहे.

अडलंय ते असं. पार्टेडमध्ये (डिस्कचे भाग पाडणारी कमांड) जीपीटी तक्ता (कोणता भाग कुठून कुठपर्यंत त्याची यादी) करून पहिला भाग १ एमआयबीपासून सुरू केला की इशारा येतो की पार्टिशन नीट अलाइन नाही, आणि पुढे ‘२०४८एस % ६५५३५एस != ०एस’ (एस म्हणजे सेक्टर, डिस्कवरचा ५१२ बाइटचा तुकडा). सुरुवात ०% दिली तर इशारा येत नाही, पण भाग सेक्टर ६५५३५ पासून सुरू होतो. यातलं बरोबर कोणतं?

दुसरं, पहिला भाग एक्सफॅट (विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालणारी फाइल सिस्टिम) केला. लिनक्समध्ये उत्तम दिसतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जागा भरलेली दिसते, पण ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही.

तिसरं, ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) केलेला भाग माउंट होतो, म्हणजे सिस्टिमला जोडला जातो, पण फाइल ठेवायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’. आणि काहीही कॉपी होत नसताना डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत राहतो.

डिस्क रिकामी आहे, पुसून पहिल्यापासून केलं तरी चालेल.

कर्नलकट्टा

सगळं पुन्हा करा, अर्ध्या तासाचं काम आहे. कमांड देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर रोमन छोट्या अक्षरांत टाइप करा, कॅपिटल हवं तिथे तसं म्हटलं आहे.

आधी ६५५३५ चा उलगडा. यूएसबी-साटा ब्रिज, म्हणजे डिस्कच्या डबीतली ती छोटी चिप, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगते की एका वेळी इतका डेटा दिलात तर मला सोयीचं. अनेक ब्रिज तिथे ६५५३५ सेक्टर असं ठोकून देतात. तो १६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे, डिस्कच्या रचनेशी त्याचा काही संबंध नाही. पार्टेड मात्र तो खरा मानून त्याच्या पटीत भाग बसवू पाहतो. खात्री करायची तर:

कॅट /सिस/ब्लॉक/एसडीबी/क्यू/ऑप्टिमल_आयओ_साइझ

इथे ३३५५३९२० दिसेल. ६५५३५ गुणिले ५१२ बरोबर तेच. आता त्याच फोल्डरमधली फिजिकल_ब्लॉक_साइझ बघा. माझा अंदाज, तुमच्याकडे ५१२ येईल. अलीकडची कर्नल ३३५५३९२० ला फिजिकल ब्लॉकने भाग जातो का ते तपासते आणि जात नसेल तर आकडा सोडून देते. ब्रिजने ४०९६ सांगितलं असतं तर भाग गेला नसता आणि इशारा आलाच नसता. ५१२ सांगितल्यामुळे चुकीचा आकडा चाळणीतून निसटतो. डिस्क स्वतः काय म्हणते ते स्मार्टसीटीएल -आय -डी सॅट /डेव्ह/एसडीबी मध्ये दिसेल: बहुधा ‘५१२ लॉजिकल, ४०९६ फिजिकल’, म्हणजे बाहेर ५१२ बाइटचे सेक्टर दाखवते, आत खरे ४०९६ चे.

म्हणून ६५५३५ पासूनची सुरुवात चुकीची. त्या आकड्याला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे फाइल सिस्टिमचा प्रत्येक ४ केबीचा ब्लॉक दोन फिजिकल सेक्टरांत विभागून पडतो. असा ब्लॉक लिहायचा तर डिस्कला आधी ते सेक्टर वाचावे लागतात, त्यात बदल करून मग परत लिहावे लागतात, आणि त्यासाठी तबकडीचा एक फेरा जास्त. ५४०० आरपीएमला एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. मोठी फाइल सलग लिहिताना हे जाणवणार नाही, पण हजारो छोट्या फाइलींचा बॅकअप घेताना रखडेल. २०४८ ला ८ ने भाग जातो. तेव्हा १ एमआयबी द्या, इशाऱ्याला ‘इग्नोर’ म्हणा.

आता सुरुवातीपासून. डिस्क कोणती ते आकारावरून ठरवू नका, मॉडेल आणि सिरियल नंबर बघा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल,ट्रान,एफएसटाइप,माउंटपॉइंट

ट्रान या रकान्यात यूएसबी लिहिलेलं असेल ती तुमची. ४ टीबी तिथे ३.६टी दिसते ते बरोबर आहे, कारण एलएसबीएलके १०२४ च्या पटीत मोजते. एसडीबी हे नाव कायमचं नसतं. केबल काढून परत लावली, मध्ये पेन ड्राइव्ह घातला, की एसडीसी होऊ शकतं. प्रत्येक वेळी नव्याने बघा, किंवा /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/ मधलं लांबलचक नाव वापरा. त्यात मॉडेल आणि सिरियल दोन्ही असतात, चुकीच्या डिस्कवर हात पडत नाही.

डेस्कटॉप आपणहून माउंट करतो, म्हणून आधी दोन्ही भाग उतरवा (सुडो अनमाउंट नव्हे, यूमाउंट, यू नंतर एन नाही). मग जुन्या खुणा पुसा, आधी भागांवरच्या, मग डिस्कवरच्या:

सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीबी२
सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी

डीडी कमांडने सुरुवातीचे काही एमबी शून्य करण्याचा सल्ला जागोजागी दिसतो, तो इथे अपुरा पडतो. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. ती मागे राहिली की पुढचं साधन ‘मुख्य तक्ता बिघडला आहे, राखीव ठीक आहे’ म्हणून अडवतं. वाइपएफएस दोन्ही टोकं बघते.

मग सुडो पार्टेड /डेव्ह/एसडीबी, आणि आत एकेक करून:

एमकेलेबल जीपीटी
एमकेपार्ट देवघेव १एमआयबी १०००जीआयबी
सेट १ एमएसएफटीडेटा ऑन
एमकेपार्ट बॅकअप १०००जीआयबी १००%
प्रिंट

जीपीटीला पर्याय नाही. जुन्या एमबीआर तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, ५१२ बाइटच्या सेक्टरने मजल २ टीआयबीपर्यंतच जाते. उरलेली जागा डोळ्यांसमोर असून वापरता येत नाही. आकडे जीआयबीत द्या, जीबीत नको. जीआयबीत दिलेली हद्द पार्टेड काटेकोर पाळतो, जीबीत दिलेली थोडी मागेपुढे सरकवण्याची मुभा तो स्वतःला घेतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या ‘एमएसएफटीडेटा’ ओळीत आहे. जीपीटीत प्रत्येक भागाचा एक प्रकार नोंदलेला असतो, आत कोणती फाइल सिस्टिम आहे त्याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. पार्टेड काही न सांगता ‘लिनक्स फाइल सिस्टिम’ हा प्रकार लावतो. लिनक्स प्रत्यक्ष आत डोकावतं, म्हणून त्याला एक्सफॅट सापडलं. विंडोज आधी प्रकार बघतं आणि लिनक्सचा दिसला की अक्षरच देत नाही. हा प्रकार नंतरही बदलता येतो, डेटाला धक्का लागत नाही. जीडिस्क वापरणाऱ्यांसाठी: लिनक्सचा कोड ८३००, विंडोजचा ०७००.

फॉरमॅटसाठी एक्सफॅटप्रॉग्स हे पॅकेज हवं:

सुडो एमकेएफएस.एक्सफॅट -एल देवघेव /डेव्ह/एसडीबी१

हा एल कॅपिटल. जुन्या एक्सफॅट-यूटिल्सच्या काळातल्या लेखांत लेबलसाठी -एन दिसेल, ते पॅकेज वेगळं होतं. एक्सफॅटचा पक्का ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये ५.७ पासून म्हणजे २०२० पासून आहे, तेव्हा फ्यूजवाला (कर्नलबाहेर चालणारा) जुना ड्रायव्हर मुद्दाम टाकू नका.

एक्सफॅटचं क्लस्टर (फाइलीला दिली जाणारी सर्वांत लहान जागा) इतक्या मोठ्या भागावर आपोआप १२८ केबीचं होतं. व्हिडिओ, फोटो, स्कॅन यांना उत्तम. पण २ केबीच्या एक लाख फाइली ठेवल्यात तर ०.२ जीबीच्या मजकुराला १३ जीबी जागा जाईल. तसलं काही असेल तर -सी ३२के द्या, इथला सी छोटा.

बाइटमोजणी

ईएक्सटी४ चं मी सांगते.

लिहिता येत नाही कारण नव्या फाइल सिस्टिमचं मूळ फोल्डर रूटच्या (प्रशासक खात्याच्या) मालकीचं असतं. यात बिघाड काहीच नाही. माउंट करून एकदा सुडो चाउन तुमचं-नाव: /मीडिया/… एवढं केलं की झालं. नाव आणि मग अपूर्णविराम (:), म्हणजे ग्रुपही तुमचाच लागतो. ७७७ (सगळ्यांना सगळं करू देणारी परवानगी) अजिबात देऊ नका, बॅकअपमधल्या फाइलींच्या परवानग्या हाच बॅकअपचा अर्धा जीव असतो. फॉरमॅट करतानाच मालक ठरवायचा तर -ई रूट_ओनर=१०००:१००० (ई कॅपिटल). नुसतं रूट_ओनर लिहून आकडे गाळले तर कमांड चालवणारा मालक होतो, आणि सुडोमुळे तो पुन्हा रूटच.

डिस्कवर नाव लिहिलं जात नाही, १००० हा आकडा लिहिला जातो. दुसऱ्या लिनक्स मशीनवर १००० कोणा वेगळ्याच व्यक्तीचा असेल तर फाइली तिच्या दिसतील. घरात दोन-तीन मशीन असतील तर सगळीकडे हा आकडा, म्हणजे यूआयडी, सारखा ठेवा.

आता दोन आकडे, जे फॉरमॅटच्या आधीच ठरवायला हवेत. तुमचा दुसरा भाग सुमारे २.९३ टीबीचा होईल. त्यातली ५% जागा ईएक्सटी४ रूटसाठी राखून ठेवतं. म्हणजे १४६ जीबी. ज्या डिस्कवर सिस्टिम चालते तिथे हे शहाणपणाचं आहे, नुसत्या साठवणीच्या डिस्कवर त्याची गरज नाही. -एम ० द्या. हे राहून गेलं तरी ट्यून२एफएस -एम ० ने कधीही बदलता येतं.

दुसरा आकडा मात्र नंतर बदलत नाही. दर १६ केबी जागेमागे एक आयनोड (एका फाइलीची किंवा फोल्डरची नोंद), आणि प्रत्येक आयनोड २५६ बाइटचा. २.९३ टीबीला हिशेब करा: जवळपास १७.८ कोटी आयनोड आणि त्यांच्या तक्त्यालाच ४५ जीबी. इतक्या फाइली घरगुती बॅकअपमध्ये कधीच होत नाहीत. -आय ६५५३६ दिलं तर ४.४ कोटी आयनोड राहतात आणि तक्ता ११ जीबीवर येतो. -टी लार्जफाइल (टी कॅपिटल) दर १ एमआयबीला एक आयनोड ठेवतं, ते फक्त चित्रपट-व्हिडिओच ठेवणाऱ्यांसाठी. तुम्ही आरसिंकचा लिंक-डेस्ट पर्याय वापरून रोजच्या आवृत्त्या ठेवणार असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. न बदललेल्या फाइली हार्ड लिंक होतात (त्याच डेटाला दुसरं नाव), त्यांना नवा आयनोड लागत नाही. पण फोल्डरची हार्ड लिंक होत नाही, प्रत्येक आवृत्तीत प्रत्येक फोल्डरला नवा आयनोड जातो. जागा भरपूर शिल्लक आणि तरी ‘नो स्पेस लेफ्ट’ आलं, तर डीएफ -आय बघा, आयनोड संपलेले सापडतील.

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल बॅकअप -एम ० -आय ६५५३६ -ई रूट_ओनर=१०००:१००० /डेव्ह/एसडीबी२

(एल आणि ई कॅपिटल.)

दिव्याचं लुकलुकणं: ईएक्सटी४ फॉरमॅट करताना आयनोडचे सगळे तक्ते लगेच शून्य करत नाही, म्हणून काम मिनिटभरात उरकतं. उरलेलं काम पहिल्यांदा माउंट केल्यावर कर्नल मागे-मागे करत बसते. टॉपमध्ये ईएक्सटी४लेझीइनिट हे नाव दिसेल. काही तास डिस्क लावून ठेवा, आपोआप थांबेल. मध्येच उतरवलीत तरी नुकसान नाही, पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. आधीच उरकायचं तर -ई मध्ये स्वल्पविराम देऊन लेझी_आयटेबल_इनिट=० जोडा.

डिस्क जुन्या मशीनलाही लावणार असाल तर: ई२एफएसप्रॉग्स १.४७ पासून ऑर्फन_फाइल हे नवं वैशिष्ट्य मूळ प्रकल्पाने सुरू ठेवलं आहे. जुन्या मशीनवरचं ई२एफएससीके ‘फीचर_सी१२’ म्हणून तपासायला नकार देत असेल तर तेच कारण. नव्या मशीनवर ट्यून२एफएस -ओ ^ऑर्फन_फाइल (ओ कॅपिटल) करून ते बंद होतं.

दगडूशेल

एवढा खटाटोप कशाला? सगळी डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) करा, दोन्हीकडे चालते. कर्नल ५.१५ पासून एनटीएफएस३ ड्रायव्हर आतच आहे.

कर्नलकट्टा

देवघेवीच्या भागासाठी एनटीएफएस चालेल, जर्नल (बदल करण्याआधीची नोंद) असल्यामुळे केबल हिसकली गेली तर ते एक्सफॅटपेक्षा सावरतंही. पण बॅकअप त्यावर ठेवण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण दुरुस्ती. एनटीएफएस बिघडलं तर उबुंटूसोबत येणाऱ्या साधनांत पूर्ण तपासणी करणारं काही नाही. एनटीएफएसफिक्स थोडी डागडुजी करून ‘पुढच्या वेळी विंडोजने तपासावं’ अशी खूण ठेवतं, खरी दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच होते. ज्या दिवशी बॅकअप लागेल त्या दिवशी शेजारी विंडोज मशीन असेलच असं नाही. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शटडाउन’ केलेलं मशीन अर्धवट झोपलेलं असतं. त्या स्थितीत काढलेली डिस्क लिनक्सला अस्वच्छ दिसते आणि एनटीएफएस३ लिहू देत नाही. हे फास्ट स्टार्टअप देवघेवीच्या भागासाठीही बंदच ठेवा.

एक्सफॅटवर बॅकअप ठेवायचा तर त्याहून वाईट. परवानग्या नाहीत, मालक नाही, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नावं) नाहीत. आरसिंक -ए चालवलं की त्रुटींची माळ लागते. दोन भाग करायचा तुमचा निर्णय योग्यच आहे.

अनंतमार्ग

फॉरमॅटच्या आधी डिस्क तपासून घ्या, नंतर तीन टीबी डेटा घेऊन हलवाहलव करण्यापेक्षा बरं.

स्मार्टसीटीएल -ए (छोटा नव्हे, कॅपिटल) -डी सॅट लावून ५, १९७ आणि १९८ या ओळींचा (खराब किंवा संशयित सेक्टरांची मोजणी) कच्चा आकडा बघा. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर दोष जोडणीचा, तबकडीचा नाही. मग -टी लाँग ने लांब चाचणी लावा. किती वेळ लागेल ते स्मार्टसीटीएल -सी सांगतं. पोर्टेबल डिस्कची एक खोड: काही मिनिटं यूएसबीवरून कोणी बोललं नाही की ब्रिज डिस्कला झोपवतो आणि चाचणी ‘इंटरप्टेड’ होऊन थांबते. चाचणी चालू असताना दर मिनिटाला डिस्कवरचा एखादा सेक्टर वाचत राहिलं की ती जागी राहते.

बॅडब्लॉक्स -डब्ल्यू हे सगळं पुसून चार वेगवेगळे नमुने लिहितं आणि प्रत्येक परत वाचतं. १०० एमबी प्रतिसेकंद धरले तर ४ टीबी एकदा लिहायला ११ तास, अशा आठ फेऱ्या म्हणजे पावणेचार दिवस. घरगुती वापराला एकच नमुना पुरे:

सुडो बॅडब्लॉक्स -डब्ल्यूएसव्ही -बी ४०९६ -टी रँडम /डेव्ह/एसडीबी

बावीस तासांत होईल. -बी ४०९६ विसरू नका. मूळ १०२४ च्या ब्लॉकने ४ टीबी कसंबसं ३२ बिटांत बसतं, त्याहून मोठी डिस्क असेल तर कमांड सुरूच होत नाही.

डिस्क फारच स्वस्तात मिळाली असेल तर क्षमता खरी आहे का तेही बघा. आत छोटं कार्ड आणि बाहेर ‘४ टीबी’ असे नग बाजारात असतात. एफ३प्रोब --डिस्ट्रक्टिव्ह काही मिनिटांत खरा आकार सांगतं. फाइल सिस्टिम अशा नगावरही बिनतक्रार बनते, मूळ क्षमतेच्या पुढे लिहिलेलं नाहीसं होतं तेव्हा कळतं.

वीजही बघा. यूएसबी २ पोर्टवर ५०० मिलिअँपिअरची हमी, यूएसबी ३ वर ९००. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढू शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर लांब केबलने लावलेली डिस्क टक-टक करत बसली तर मागच्या पोर्टवर, आखूड केबलने लावून बघा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर’ आणि मागोमाग ‘रीसेट सुपरस्पीड’ अशा ओळी येत असतील आणि केबल बदलूनही जात नसतील, तर त्या ब्रिजचं यूएएसशी (यूएसबीवरून डेटा नेण्याची नवी, वेगवान पद्धत) पटत नाही. एलएसयूएसबीमधले दोन आकडे घेऊन /इटीसी/मॉडप्रोब.डी/ मधल्या फाइलीत ‘ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स=पहिला:दुसरा:यू’ लिहा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा. वेग थोडा कमी होतो, डिस्क मध्येच गायब होणं थांबतं.

अडीच इंची ४ टीबी डिस्क बहुधा एसएमआर असते. म्हणजे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सुरुवातीला वेगाने लिहिणारी डिस्क बऱ्याच वेळाने अचानक मंदावली तर तो दोष नव्हे, तिची राखीव पट्टी भरली आहे. थांबून राहा.

आणि ही डिस्क डबीतून काढून सरळ साटाला लावायचा विचार कधी आला तर आधी ब्लॉकडेव्ह --गेटएसएस बघा. काही ब्रिज लॉजिकल सेक्टर ४०९६ चा दाखवतात. पार्टिशन तक्ता सेक्टरच्या मापात लिहिलेला असतो, माप ५१२ झालं की सगळ्या हद्दी चुकतात आणि डिस्क रिकामी दिसते. डेटा असतो जागेवरच. पण ते पाहून घाबरून नवा तक्ता लिहिणारे असतात.

सह्यशेल

सर्वांचे मनापासून आभार. ऑप्टिमल_आयओ_साइझ ३३५५३९२०, फिजिकल_ब्लॉक_साइझ ५१२, आणि स्मार्टसीटीएल म्हणतं ४०९६. अगदी सांगितल्याप्रमाणे. नव्याने केलं, विंडोजमध्ये अक्षर मिळालं, ईएक्सटी४ वर लिहिता येतंय.

आता नवं. विंडोजवरून आलेल्या स्कॅन केलेल्या जुन्या मराठी अंकांच्या फाइली देवघेव भागातून बॅकअप भागात घेताना काही फाइलींवर ‘फाइल नेम टू लाँग’ येतं. नावं लांब आहेत, पण शंभर-सव्वाशे अक्षरांचीच. मर्यादा २५५ ची ना?

बाइटमोजणी

२५५ दोन्हीकडे, पण एकक वेगळं. एक्सफॅट आणि एनटीएफएस २५५ यूटीएफ-१६ एकक मोजतात, देवनागरीत एका चिन्हाला एक. ईएक्सटी४ २५५ बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ईएक्सटी४ वर देवनागरी नावाची मर्यादा ८५ चिन्हं. चिन्हं म्हणजे आपण मोजतो ती अक्षरं नव्हेत: काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं धरायचं. ‘महाराष्ट्र’ बघा: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. दहा चिन्हं, तीस बाइट. अंकाचं नाव, महिना, वर्ष, लेखाचं शीर्षक आणि लेखक असं सगळं फाइलीच्या नावात कोंबलं की ८५ ओलांडायला वेळ लागत नाही.

एक्सएफएस, बीटीआरएफएस इथेही २५५ बाइटच, त्यामुळे फाइल सिस्टिम बदलून सुटका नाही. वर्ष आणि महिना फोल्डरच्या नावात न्या. मर्यादा प्रत्येक नावाला वेगळी आहे, फोल्डरचं नाव फाइलीच्या नावात धरलं जात नाही. कोणत्या फाइली अडणार ते आधीच शोधायचं तर:

फाइंड . | एलसी_ऑल=सी ऑक -एफ/ 'लेंग्थ($एनएफ) > २५५'

-एफ, एलसी_ऑल, सी आणि एनएफ कॅपिटल. सी लोकॅलमुळे लेंग्थ बाइट मोजते, तेच आपल्याला हवं आहे.

लेबललाही हाच हिशेब. ईएक्सटी४ चं लेबल १६ बाइट, म्हणजे देवनागरीची पाच चिन्हं. ‘बॅकअप’ पंधरा बाइटांत नेमकं बसतं, ‘संग्रह’ अठरा बाइटांचं होऊन शेवटचं अक्षर अर्धवट कापलं जातं. एक्सफॅटला ११ चिन्हं चालतात, ‘देवाणघेवाण’ दहांत बसतं.

फाइली जुन्या मॅकच्या एचएफएस+ डिस्कवरूनही येणार असतील तर ‘ऱ’ वर लक्ष ठेवा. ते एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि र अधिक खालचा नुक्ता असंही. एचएफएस+ दुसऱ्या पद्धतीने साठवतं. पडद्यावर ‘शेतकऱ्यांची यादी’ दोन्हीकडे सारखीच दिसते, बाइट वेगळे असतात, आणि आरसिंक तीच फाइल दोनदा ठेवतं. आरसिंक मॅकवरून चालवत असाल तर --आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८ दिलं की नावं एकसारखी होतात.

कर्नलकट्टा

बॅकअप भाग कायम एकाच जागी माउंट व्हावा म्हणून /इटीसी/एफएसटॅबमध्ये ओळ लागेल. बीएलकेआयडीने यूयूआयडी (त्या भागाचा कायमचा ओळख क्रमांक) काढा:

यूयूआयडी=… /एमएनटी/बॅकअप ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,नोएटाइम,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१० ० २

नोफेल गाळलंत आणि डिस्क न लावता मशीन सुरू केलंत, तर सिस्टिमडी दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतं. ओळ लिहिल्यावर सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा, चुका रीबूटच्या आधी कळतात. मग सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड.

याच नोफेलची दुसरी बाजू आहे. डिस्क लावलेली नाही, /एमएनटी/बॅकअप हे नुसतं रिकामं फोल्डर आहे, आणि रात्री बॅकअपची स्क्रिप्ट सुरू झाली. आरसिंक मुकाट्याने सगळं मुख्य डिस्कवर उतरवतं, ती भरते आणि सकाळी लॉगिन होत नाही. डिस्क उतरवलेली असताना एकदाच:

सुडो चॅटर +आय /एमएनटी/बॅकअप

आता त्या रिकाम्या फोल्डरमध्ये रूटलाही काही लिहिता येत नाही. डिस्क माउंट झाली की तिचं स्वतःचं मूळ फोल्डर वर येतं, त्यावर याचा परिणाम नाही. स्क्रिप्टमध्येही आरसिंकच्या आधी माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप && घाला. आरसिंकला -एएचएएक्स --न्यूमेरिक-आयडीज द्या, पहिला ए छोटा, बाकी तीन कॅपिटल.

डिस्क काढताना: कॉपीची पट्टी १००% झाली म्हणजे डेटा तबकडीवर गेला असं नाही, तो रॅममध्ये थांबलेला असू शकतो. ग्रेप -ई 'डर्टी|राइटबॅक:' /प्रॉक/मेमइन्फो मध्ये (ई, डी, डब्ल्यू कॅपिटल) किती केबी बाकी आहे ते दिसतं. एसएमआर डिस्कवर हे उतरायला पाच-दहा मिनिटंही लागतात, त्या वेळात यूमाउंट अडकल्यासारखी वाटते. कंट्रोल-सी दाबून केबल ओढू नका, ती लिहीतच असते. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर सुडो फ्यूझर -व्हीएम /एमएनटी/बॅकअप कोण अडवतंय ते सांगतं. बहुतेकदा त्याच फोल्डरमध्ये उघडं राहिलेलं टर्मिनल असतं. दोन्ही भाग उतरले की:

यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी

याने डोकं जागेवर जाऊन तबकडी थांबते. फिरण्याचा आवाज बंद झाल्यावर केबल काढा.